झिजलेली वस्तू ठेवावी की काढावी?

प्रश्न : वस्तू पुरती झिजल्याशिवाय बदलायची नाही, ही आमच्या घरात सासूबाईंपासूनची रीत आहे. पितळी पातेल्याची कल्हई उडाली आहे, वाकळ विरली आहे, बावीस वर्षांच्या कुकरचा तळ फुगून कडेने वाफ जाते आणि २०१६ सालच्या टंचाईत घेतलेले प्लॅस्टिकचे टिपाड तडकले आहे. सूनबाईंना हे सारे काढून टाकायचे आहे; माझ्या मात्र जिवावर येते. काय करावे?
— एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : ज्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात घेतलेले टिपाड फेकताना हात का अडखळतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही चारही वस्तूंना एकच न्याय लावता येणार नाही. कुकरबाबत सूनबाईंचे बरोबर आहे, पातेले आणि वाकळ यांच्याबाबत आपले.

पातेले मुळीच काढू नका. झिजले आहे ते पितळ नव्हे, तर आतला कथलाचा पातळ थर. तो गेल्यावर चिंचेच्या आमटीतला किंवा ताकातला आंबटपणा थेट पितळेतल्या तांब्याला लागतो, पदार्थ कळकतो आणि तो खाल्ल्याने मळमळ, उलट्या होऊ शकतात. म्हणून कल्हई होईपर्यंत त्यात आंबट काही शिजवू नये आणि ठेवूही नये. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागराने आतली बाजू स्वच्छ करून, वितळलेले कथील कापसाने भराभर सर्वत्र पसरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे रिकामे पातेले मोठ्या आचेवर विसरले, तर कल्हई हमखास बिघडते. तारेच्या घासणीनेही ती लवकर जाते. एवढे सांभाळले, तर हे पातेले सूनबाईंच्या हातीही खुशाल सोपवावे.

वाकळ तर मुळात वापरून झालेल्या कापडांचीच असते. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून ती होते, त्यामुळे वरचा पदर विरला, तर त्यावर जुन्या सुती साडीचा नवा पदर चढवावा. आतले थर गोळा होऊ लागले असतील, तर ती उसवून धड तुकडे पुढच्या वाकळेत घालावेत. बाळाच्या दुपट्याला इतके मऊ कापड बाजारात मिळत नाही.

कुकरचा दोष नुसता वाफ जाण्याचा असता, तर नवे रबर बसवून भागले असते. तळ फुगलेला कुकर मात्र आजच चुलीवरून उतरवा, कारण तो धातू आतला दाब आणखी किती दिवस सोसेल, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. पातेले बिघडले, तर आमटी नासते. कुकर फुटला, तर माणूस भाजतो. तो दुसऱ्या कोणाला वापरायलाही देऊ नका, मोडीतच घाला. त्याच वेळी गॅसच्या नळीवरचे वर्ष वाचा. सुरक्षा नळी दिसायला धड असली, तरी ५ वर्षांनी बदलायची असते.

टिपाडाचे प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते आणि तड्यांमध्ये शेवाळ धरते, म्हणून त्यात पिण्याचे पाणी साठवू नये. ते मधोमध कापून तळाला भोके पाडल्यास एका अर्ध्यात कढीपत्ता लावता येईल आणि दुसऱ्यात पालापाचोळ्याचे खत करता येईल.