रोज पाणी देऊनही लॉन पिवळं पडतंय, कोणतं खत घालू?

खत नका घालू. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही लिहिलंय की रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइपने पाणी मारता, महिन्यातून एकदा ‘एकदम बारीक’ कापता, तरी गवत पिवळं. ते ‘एकदम बारीक’ वाचलं आणि लिहायला बसले. या दोन शब्दांवरून आमच्या घरात दोन वर्षं भांडणं झाली आहेत.

आमच्याकडे कापायचं मशीन थोरल्या भावाच्या ताब्यात. दादाचं म्हणणं, लॉन कसं गालिच्यासारखं दिसलं पाहिजे. महिनाभर वाढलेलं गवत तो मशीन सगळ्यात खालच्या खाचेवर लावून एका दमात भुईसपाट करायचा. वरचा हिरवा भाग गेला की खाली नुसते पिवळट खुंट उरायचे, आणि खापर माझ्यावर, कारण पाण्याचं काम माझं. ‘तू पाणी नीट घालत नाहीस.’ मी एक दिवस चुकवला नव्हता.

शेवटी तो युरिया घेऊन आला आणि भर उन्हात मुठीने फेकला. वर पाणीसुद्धा दिलं नाही. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, एका जागी जास्त पडला की गवत जळतं. चार दिवसांत सगळ्या लॉनभर तळहाताएवढे करपलेले डाग पडले. त्या संध्याकाळी मी खुरप्याने वीतभर लांबीरुंदीचा एक चौकोन उपटला, बादलीत माती धुतली आणि पायरीवर ठेवला. मुळं जेमतेम दोन बोटं खोल. खड्ड्यात पुन्हा खुरपं मारलं तर टणकन वाजलं. वर रोज चिखल आणि खाली कोरडं ठणठणीत. मग कुंपणालगत, जिथे मशीन पोचत नाही, तिथलाही एक चौकोन काढला. तिथली मुळं पांढरीशुभ्र, चांगली वीतभर, माती सोडायलाच तयार नाहीत. गवत तेच आणि तिथे पाइपचं पाणीसुद्धा नीट पोचत नव्हतं.

पातं म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. ते मुळापर्यंत छाटलं की आधी नवं पातं काढण्यातच गवताची सगळी साठवण खर्च होते, मुळांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. 6 सेंमी ठेवायचं असेल तर 9 सेंमी झाल्यावर कापा. वाढ जोरात असताना आठवड्याला मशीन काढावं लागेल, त्याला इलाज नाही. मशीनच्या पात्याला धार हवी. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. कापल्यानंतर टोकं पांढरट, दोरे सुटल्यासारखी दिसली तर धार गेलेली आहे. आणि कापलेलं बारीक गवत गोळा करून फेकू नका, तिथेच कुजू द्या, त्यातलं नत्र जमिनीलाच परत मिळतं.

पाणी रोज नको. आठवड्याला साधारण 25 मिमी पुरतं, तेही एक-दोनदाच, सकाळी लवकर. लॉनवर रिकामा डबा ठेवा म्हणजे किती पडलं ते कळतं. ओल 10-15 सेंमी खाली गेली पाहिजे. मग थांबा, वरची माती सुकू द्या. चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उठेनासे झाले की गवताला तहान लागली समजायचं. संध्याकाळचं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं आणि बुरशीला निमंत्रण देतं.

त्यानंतर मी अर्धं लॉन माझ्या पद्धतीने ठेवलं, अर्धं दादाच्या. दोन महिन्यांत मधली रेघ लांबून दिसायला लागली. दादा आजही सांगतो की युरिया लागू पडला. युरिया दोन्हीकडे पडला होता, दादा! तुमच्याही घरी कोणी ‘अजून बारीक काप’ म्हणत असेल तर वाद घालत बसू नका, अशीच रेघ आखून द्या.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. गवत हरळीच्या जातीचं असेल तर ते 3-4 सेंमीवरही छान राहतं, 6 सेंमी हे रुंद पात्याच्या जातींसाठी. लॉनवर दिवसातून चार तासही ऊन येत नसेल तर यातलं काही केलं तरी ते विरळच राहणार. आणि ओढल्यावर गवत सतरंजीसारखं उचलून येत असेल तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे, तो वेगळाच आजार.

म्हणून आधी खुरप्याने एक चौकोन काढा आणि मुळं किती बोटं खोल आहेत ते मला कळवा. खताचं मग बघू.