सांगलीत १२ फ्लॅटच्या सोसायटीचं सामाईक मीटर महिन्याला ६०० युनिट खातं, तर किती किलोवॅटचं सोलर बसवावं?

५ किलोवॅट पुरेल. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे पाच किलोवॅटचे महिन्याला साधारण ६००. गच्चीवर ५०० चौरस फूट बिनसावलीची जागा हवी, पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल १५ अंशांच्या आसपास. खरा घोळ सावलीचा. डिसेंबरात पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली उत्तरेकडे लांब पडते, त्यामुळे त्या बाजूला त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवा. एका पॅनेलवर सावली आली तरी त्या जोडणीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं. धुवायला बोअरचं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात ते मग निघत नाहीत. धुणं सकाळी लवकर, काच तापायच्या आत.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे तुम्हाला ९०,०००. त्यासाठी भारतीय सेलचेच पॅनेल लागतात. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ (म्हणजे देशी बनावटीचे) लिहून घ्या.

पावसाळ्यात उत्पादन बरंच उतरतं, पण नेट मीटरिंगमुळे (ग्रीडला दिलेले युनिट बिलातून वजा करायची सोय) उन्हाळ्यात जास्त झालेले युनिट त्याच आर्थिक वर्षात वळते होतात. मात्र लाईट गेली की बॅटरीविना सोलरचा इन्व्हर्टरही बंद पडतो (तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून), तेव्हा लिफ्टचा जनरेटर विकायची घाई करू नका.