धमनी, शीर, रोहिणी, नीला : पोटाच्या अँजिओग्राफीत कोणता शब्द?

प्रश्न असा आला आहे : आईच्या पोटाची सीटी अँजिओग्राफी झाली. रिपोर्टात काही ठिकाणी आर्टरी लिहिले आहे, काही ठिकाणी व्हेन. तिला सांगताना दोन्हींना 'शीर' म्हटले गेले. शाळेत आर्टरीला रोहिणी आणि व्हेनला नीला म्हणतात, असे शिकलो होतो. मग बरोबर शब्द कोणता?

आर्टरीला धमनी म्हणा आणि व्हेनला शीर. अँजिओग्राफीच्या बाबतीत हा भेद पाळायलाच हवा, कारण बोलण्यातली 'शीर' फार मोकळी आहे. रक्त काढायला आलेली सिस्टर 'शीर सापडत नाही' म्हणते, ती व्हेन. कंबर धरली की आपण 'शीर दबली' म्हणतो, तिथे दबलेला असतो मज्जातंतू. झोपेत पोटरीत गोळा आला की 'शिरेवर शीर चढली', आणि आखडलेला असतो स्नायू. घरात हे सगळे चालते. पण धमनी अरुंद होणे आणि शिरेत गुठळी होणे हे वेगळे आजार आहेत, त्यांचे उपचारही वेगळे.

रोहिणी-नीला ही जोडी मला मनापासून आवडते. दोन्ही नावे रंगांवरून आली आहेत : रोहिणी तांबडी, नीला निळी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरांचे, म्हणजे शिरांचे, चार प्रकार सांगितले आहेत. वात वाहणाऱ्या अरुण, पित्ताच्या नील, कफाच्या गौर आणि रक्ताच्या रोहिणी. म्हणजे तिथे रोहिणी आणि नीला दोन्ही सिराच आहेत, आणि धमन्या २४ म्हणून वेगळ्या मोजल्या आहेत. आर्टरी-व्हेन हा अर्थ त्यांना नव्या शरीरशास्त्राने दिला. तो पाठ्यपुस्तकांत रुळला, त्यामुळे चुकीचा म्हणता येणार नाही.

मात्र स्कॅनमध्ये रंगांचा उपयोग नाही. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात, त्याला सगळे 'डाय' म्हणतात, पण ते रक्ताला रंग देत नाही. ते क्ष-किरण अडवते, म्हणून ज्या वाहिनीत पोचते ती चित्रात पांढरी दिसते. साधारण २५ ते ३५ सेकंदांत पोटातली महाधमनी आणि तिच्या फांद्या उजळतात : यकृत, जठर आणि प्लीहेकडे जाणारी, आतड्यांकडे जाणाऱ्या दोन, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या. ६० ते ७० सेकंदांच्या सुमारास आतड्यांतून आणि प्लीहेतून परतणारे रक्त यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये पोचते, तेव्हा ती स्पष्ट दिसते. रिपोर्टातल्या 'आर्टिरिअल फेज' आणि 'व्हेनस फेज' या शब्दांचा अर्थ हाच. एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे एमआरआयच्या यंत्रावर केलेल्या अँजिओग्राफीत, क्ष-किरण नसतात. तिथे बहुधा गॅडोलिनियमचे औषध देतात, आणि काही पद्धतींत वाहत्या रक्ताचाच संकेत पकडून इंजेक्शनशिवायही चित्र मिळवतात. संगणकावरच्या त्रिमित चित्रात लाल-निळे दिसले तर ते रंग नंतर भरलेले असतात.

आता 'शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त' या जुन्या जोडीबद्दल. ती सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्टल व्हेन ही शीरच, तिच्यात ऑक्सिजन कमी. पण पचलेल्या अन्नातली साखर आणि प्रथिनांचे घटक घेऊन तीच यकृताकडे जाते, आणि यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश तिच्यातून येते. तिला अशुद्ध म्हटले की ऐकणाऱ्या आईला वाटणार, आपल्या यकृतात घाण चालली आहे. रक्त हृदयाकडून अवयवाकडे नेते ती धमनी, अवयवाकडून परत आणते ती शीर, एवढे सांगावे. पोर्टल व्हेन परतीच्या वाटेवर यकृतात शिरते, म्हणून तिला 'आतड्यांतून यकृताकडे जाणारी शीर' म्हणा.

सुपीरिअर मेसेंटेरिक आर्टरी असे लिहिले असेल, तर 'आतड्याला रक्त पुरवणारी वरची धमनी' म्हणा. स्प्लेनिक व्हेन म्हणजे 'प्लीहेची शीर'. आणि 'अँजिओ' ऐकून शेजारीपाजारी हृदयाची चौकशी करू लागले, तर ही पोटातल्या रक्तवाहिन्यांची तपासणी आहे आणि हिच्यात स्टेंट टाकत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.