डी-मार्टात तासभर, ट्रॅकवर पाच मिनिटं

प्रश्न : मी ६३ वर्षांची. नाशिकच्या एका शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. कमरेच्या मणक्यात स्टेनोसिस आहे. पाचेक मिनिटं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, मुंग्या येतात. बसलं की उतरतं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनची सध्या गरज नाही, पण हे दुखणं राहणार. मुलानं मला न विचारता वॉकर आणून ठेवलाय, तो उचलून पुढे टाकायचा असतो. मी त्यावर टॉवेल वाळत घालते. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा जुना ग्रुप आहे, त्यांच्यासमोर हे घेऊन जाऊ? त्यापेक्षा जाणंच सोडलंय. वर सून म्हणते, ‘डी-मार्टमध्ये तासभर फिरता, तेव्हा नाही दुखत?’ काही घ्यायचं नसलं तरी मी तिथे जाते हे खरं, पण म्हणून असं बोलावं? मुलाचं मन न दुखवता वॉकर परत करायला कसं सांगू?

उत्तर : बाई, घरात साबणाच्या वड्या किती साठल्यात?

काही घ्यायचं नसताना डी-मार्टला जाता, हे तुम्ही सुनेची तक्रार करता करता लिहून गेलात. अख्ख्या पत्रात मला तेवढंच वाक्य कामाचं वाटलं. तुम्ही तिथे खरेदीला जात नाही, चालायला जाता. आणि चालता येतं, कारण शिरल्या शिरल्या ट्रॉली हातात घेता, तिच्या दांडीवर दोन्ही हात टेकता आणि किंचित पुढे झुकून निघता.

माणूस ताठ उभा राहिला की कमरेची कमान वाढते. स्टेनोसिसमध्ये मणक्याच्या आतली पोकळी मुळातच अरुंद झालेली असते. ती आणखी आवळते आणि पायांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. पुढे वाकलं की तीच जागा जराशी मोकळी होते. म्हणून बसल्यावर बरं वाटतं, म्हणून या दुखण्याच्या कित्येकांना चढापेक्षा उतार नकोसा होतो. (मुलांना ‘ताठ उभे राहा’ म्हणण्यात आयुष्य गेलं तुमचं, तेव्हा हे पचायला अवघड जाईल.) मणक्याच्या डॉक्टरांना ट्रॉलीची ही खूण चांगली ठाऊक असते. सामानाची गाडी ढकलताना बरं वाटतं का, असं ते पेशंटला मुद्दाम विचारतात.

तेव्हा सुनेचा सूर वाईट असेल, पण तिनं पाहिलं ते बरोबर पाहिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, तिथे नाही दुखत’ असंच आहे. तुम्ही नाटक करत नाही आहात. पण वॉकर वापरायचा नाही, हा तुमचा हट्टही आता खरा राहिलेला नाही. आठवड्यातून किती वेळा भर दुकानात, अर्ध्या नाशिकसमोर, चाकं लावलेल्या आधारावर रेलून चालता तुम्ही! तेव्हा कुणी बघत नाही? ट्रॉलीत तांदळाची पिशवी असली की ती खरेदी, आणि नसली की म्हातारपण?

मुलाच्या मनाची काळजी मला नाही. आईच्या पायांसाठी वस्तू आणताना आईला विचारायचं असतं, ते त्यानं केलं नाही. वर आणला तोही तुमच्या कामाचा नाही. उचलून टाकायचा वॉकर तोल जाणाऱ्यांसाठी किंवा ऑपरेशननंतरच्या दिवसांसाठी ठीक. तो घेऊन ट्रॅकची एक फेरी मारायची तर दुपार होईल. खुशाल परत करा.

पण रिकाम्या हातानं नाही. त्याच फेरीत चार चाकांचा रोलेटर, म्हणजे न उचलता ढकलत न्यायचा वॉकर, घ्यायचा. त्याला हँडल असतं, दोन्ही हातांशी ब्रेक असतात आणि बसायला सीट असते, जी डी-मार्टच्या ट्रॉलीला नसते. पाय भरून आले की ट्रॅकच्या कडेला घ्या, ब्रेक लॉक करा, दोन मिनिटं बसा, पुन्हा निघा. उभं राहून हात सैल सोडले की मनगटाची घडी जिथे येते, साधारण तिथे हँडल हवं. तुमच्या बाबतीत झुकणं किती ठेवायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा बसवून घ्या. कुणी मागून ढकलतंय आणि तुम्ही सीटवर बसलायत, असं मात्र कधीही नको, नातवंडांना आधीच सांगून ठेवा. आणि लघवीवरचा ताबा जातोय, बसायच्या जागी बधिरपणा आलाय किंवा पाऊल उचलत नाही असं झालं, तर तडक हॉस्पिटल. तिथे रोलेटरचं काम नाही.

ग्रुपचं म्हणाल, तर इतकी वर्षं शेजारून चालणाऱ्या बायकांना तुमची चाल बदललेली दिसली नसेल, असं वाटतं का तुम्हाला? काय कारण सांगितलंत त्यांना, नातवाची शाळा?

सर्जिकलच्या दुकानात मुलाला नेऊ नका, तो पुन्हा घाई करेल. सुनेला न्या. घरात तुमची चाल नीट पाहणारी तीच एक दिसते. दुकानातच दहा मिनिटं चालून बघा, तिला बाजूनं बघायला सांगा आणि याच आठवड्यात जा. ग्रुपवर मेसेज आजच टाका : सोमवारपासून येतेय, पहिल्या फेरीला थांबा.