शनिवारी हेल्मेट काढलेले चेहरे पाहशील तेव्हा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

येत्या शनिवारी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबरोबर सकाळपासून सामना संपेपर्यंत राहण्याची संधी तुला मिळाल्याचे तुझ्या बाबांनी फोनवर सांगितले. मला फार आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली, कारण काही वर्षांपूर्वी असाच एक दिवस माझ्या वाट्याला आला होता आणि त्यातला अर्धा मी हातचा घालवला. ज्यांची नावे मला पाठ होती त्यांच्यामागे मी फोन घेऊन फिरत राहिलो. बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर त्या दिवशीच्या चाली लिहिलेल्या होत्या, त्यांचेही मी छायाचित्र काढले. संघाबरोबरच्या एका माणसाने जवळ येऊन अगदी सौम्य शब्दांत ते फोनमधून पुसायला सांगितले, तेव्हा आपण कोणाच्या घरात उभे आहोत याचे भान मला आले. तुला ते पहिल्याच पायरीवर यावे, म्हणून हे पत्र.

आपण कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाचा सामना असला की पेठच्या पेठ कशी लोटते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस, त्यामुळे संघावर जीव लावणे तुला कोणी शिकवायला नको. इथला अमेरिकन फुटबॉल हातात धरून पळायचा असतो आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचे असते, हेही तू इथे आल्यावर चांगले आत्मसात केले आहेस. पण कोल्हापुरात तालमीचा खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर भेटतो. त्याचा गुडघा दुखतो आहे, त्याच्या घरी काय चालले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. इथे १,०७,६०१ प्रेक्षकांच्या स्टेडियमात वरच्या रांगेतून आपल्याला दिसतात ती फक्त हेल्मेटे आणि पाठीवरचे आकडे. शनिवारी तुला ती हेल्मेटे काढलेली दिसणार आहेत, आणि आत जाण्याचे खरे मोल एवढ्यातच आहे.

सांगितलेल्या वेळेच्या आधी पोहोच. १९२७ साली उघडलेले हे स्टेडियम जमिनीत खोल खोदून बांधलेले असल्यामुळे रिकामे असताना खाली मैदानात उभे राहिले की चारही बाजूंनी बाके आभाळापर्यंत चढत गेलेली दिसतात. (आसनसंख्येच्या शेवटचा तो एक आकडा फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या सन्मानार्थ ठेवलेला आहे आणि ते आसन नेमके कोणते, हे कोणालाच सांगितलेले नाही.) पण तिथे फार वेळ रेंगाळू नकोस. साहित्य सांभाळणाऱ्या मुलामुलींकडे जा. ती तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच विद्यापीठात शिकणारी असतात आणि सामन्याच्या कितीतरी तास आधी कामाला लागलेली असतात. क्रायस्लरने १९३८ साली आणलेली ती पिवळ्या पंखांची हेल्मेटे एकेक करून हातात घ्यायची, आतल्या गाद्यांची हवा तपासायची, हनुवटीचे पट्टे ओढून पाहायचे, स्क्रू घट्ट करायचे, हे काम जवळजवळ न बोलता चालते. तिथे कडेला उभी राहा आणि कोणी काही उचलून दे म्हणाले तर उचलून दे. घोट्यांना चिकटपट्टी बांधण्याच्या खोलीतही तशीच शांतता असते. खेळाडू टेबलावर पाय सोडून बसतात आणि डोळे मिटून घेतात. तिथे कोणाशी स्वतःहून बोलू नकोस, आणि ‘आज जिंकणार ना?’ हा प्रश्न तर दिवसभरात एकदाही विचारू नकोस, कारण त्याचे उत्तर देण्याचे ओझे त्या मुलावर पडते.

मैदानात जाण्याचा बोगदा एकच आहे. संघ तिथून धावत बाहेर पडतो आणि निळ्या फलकाला हात लावायला उड्या मारतो, त्या क्षणी तू भिंतीला लागून राहा. तो क्षण त्यांचा असतो. पुढे मैदानाच्या कडेला मात्र एक नियम जिवाच्या कराराने पाळ: चेंडू खेळात असताना मैदानाकडे पाठ करायची नाही. सव्वाशे-दीडशे किलोची माणसे वेगात तुझ्या दिशेने येतात आणि त्यांना थांबता येत नाही. टक्कर झाल्याचा आवाज वरच्या बाकांवर कधी पोहोचतच नाही. तो पहिल्यांदा ऐकशील तेव्हा पोटात गोळा येईल. मला आला होता आणि तेव्हापासून ‘आणखी जोरात आपट’ असे ओरडणे माझ्याकडून झालेले नाही.

कडेला एक छोटा तंबू असतो. जखमी खेळाडूला लोकांच्या नजरेआड तपासता यावे म्हणून अलाबामा विद्यापीठात असा तंबू तयार झाला आणि २०१५ पासून वापरात आला. आता तो सगळीकडे दिसतो. तो उघडला की तू दुसरीकडे पाहायचे. आत कोण गेले, कसा बाहेर आला, त्याच्या डोळ्यांत पाणी होते का, हे त्या दिवशी किंवा नंतर कोणालाही सांगायचे नाही, मलाही नाही. मध्यांतराच्या वीस मिनिटांत कपडे बदलण्याच्या खोलीत जे कानावर पडेल त्यालाही हेच लागू आहे. बाहेरच्या लोकांना वाटते की तिथे मोठी भाषणे होतात. मी पाहिले ते पाणी पिणारे, बूट सैल करणारे आणि प्रशिक्षकाभोवती लहान घोळके करून फळ्यावरच्या रेघांकडे पाहणारे खेळाडू.

आता मुख्य गोष्ट. सकाळीच एक मुलगा निवड, जो त्या दिवशी बहुधा खेळणार नाही. शिष्यवृत्ती नसताना स्वतःहून येऊन संघात जागा मिळवलेल्यांना इथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात; त्यांतले बरेचजण ‘स्काउट टीम’मध्ये असतात. आठवडाभर ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करतात आणि सरावात आपल्याच पहिल्या फळीसमोर प्रतिस्पर्धी बनून उभे राहतात, मार खातात, उठतात, पुन्हा उभे राहतात. शनिवारी त्यांचे काम होऊन गेलेले असते, तरी ते पूर्ण पोशाखात कडेला असतात. लोक अशा वेळी पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये फार मोठा झालेल्या टॉम ब्रेडीचे नाव घेतात, की तोही इथे सुरुवातीला राखीव खेळाडूंच्या रांगेत मागे होता आणि २००० साली व्यावसायिक निवडीत १९९वा आला. तू त्या नजरेने पाहू नकोस. तू निवडलेला मुलगा पुढे कोणी मोठा होणार नाही, बहुधा कॉलेजबरोबरच त्याचा फुटबॉल संपेल, आणि तरीही त्याचा दिवस पूर्ण आहे. पहिल्या फळीतला एखादा चूक करून परत येतो तेव्हा त्याच्या कानाशी सर्वांत आधी कोण जातो, हे बघ. आठवडाभर त्याच्यासमोर उभा राहिलेला तोच असतो, कारण चूक कुठे झाली हे त्यालाही दिसलेले असते.

सामना संपल्यावर लगेच निघू नकोस. संघ हरला असेल तर ‘वाईट वाटले’ असेही म्हणू नकोस. साहित्याच्या पेट्या गाडीत चढेपर्यंत सकाळच्या त्या मुलामुलींना हात लाव आणि त्यांचे आभार मानून मग नीघ.

पायमोजांचे दोन जोड घाल. कृत्रिम गवतावर तासन्‌तास उभे राहिले की पाय गारठतात. मी माझ्या नेहमीच्या बाकावर असेन आणि या वेळी दुर्बीण आणणार आहे. सकाळी तो मुलगा ठरला की त्याच्या पाठीवरचा आकडा तेवढा मला कळव, म्हणजे दिवसभर मीही त्याच्याकडेच पाहीन.

तुझा,
काका