आधी पुण्याचा फ्लॅट, मग लेस्टरचे घर

लेस्टरहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे: 82 वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या आईंना गेल्या वर्षी डिमेन्शियाचे निदान झाले असून आता त्यांना रात्री घरी एकटे ठेवता येत नाही. पसंत केलेल्या केअर होमचा खर्च आठवड्याला 1,250 पौंड आहे. आईंकडे 64 हजार पौंडांची बचत, 3 लाख 20 हजार पौंडांचे राहते घर आणि कोथरूडला त्यांच्या एकट्यांच्या नावावर अंदाजे 80 हजार पौंडांचा फ्लॅट आहे. दोन्ही पेन्शन मिळून आठवड्याला 340 पौंड येतात. घर भावाच्या नावावर करावे, विकावे, की सरकार खर्चाला कमाल मर्यादा घालेल म्हणून थांबावे?

थांबण्यात अर्थ नाही. खर्चाला मर्यादा घालावी अशी शिफारस सरकारने नेमलेल्या डिलनॉट आयोगाने 2011 मध्ये केली होती. 86 हजार पौंडांची मर्यादा ऑक्टोबर 2023 पासून येणार होती, ती दोन वर्षे पुढे ढकलली गेली आणि जुलै 2024 मध्ये नव्या सरकारने तो बेतच रद्द केला. शिवाय त्या मर्यादेत केअर होममधील राहण्या-जेवणाचा खर्च धरला जाणारच नव्हता. आजचा नियम असा की 23,250 पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्या व्यक्तीने आपल्या देखभालीचा पूर्ण खर्च स्वतः करायचा, आणि कायम वास्तव्यासाठी केअर होममध्ये गेलेल्या एकट्या व्यक्तीचे घर त्या मालमत्तेत धरले जाते. ही रक्कम 2010 पासून बदललेली नाही, यावरून या विषयात सरकारी आश्वासनांचा वेग किती आहे ते समजावे.

घर भावाच्या नावावर करण्याचा विचार मनातून काढून टाका. सात वर्षे उलटली की दान सुटते, हा नियम वारसा कराचा आहे. देखभालीच्या खर्चाला अशी कोणतीही मुदत नाही. खर्च टाळण्याच्या हेतूने मालमत्ता दिली असे कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, वाटले, तर ती अजूनही आईंचीच आहे असे धरून ती हिशेब करते, आणि 2014 च्या केअर ॲक्टनुसार ज्याला मालमत्ता मिळाली त्याच्याकडूनही वसुली करू शकते. निदान झाल्यानंतर केलेल्या हस्तांतरणाचा हेतू दुसराच होता, हे पटवून देणे जवळजवळ अशक्य आहे. भावाचे कर्ज किंवा घटस्फोट यांची झळ घराला लागू शकते, ही जोखीम वेगळीच.

आता हिशेब. आईंना दिवसा आणि रात्रीही मदत लागत असल्याने त्या वरच्या दराच्या अटेन्डन्स अलाउन्सला, म्हणजे देखभाल लागणाऱ्या वृद्धांच्या सरकारी भत्त्याला, पात्र ठराव्यात, जो 2025-26 मध्ये आठवड्याला 110.40 पौंड होता. त्यासाठी उत्पन्न पाहिले जात नाही आणि स्वतःचा खर्च करणाऱ्यांना तो केअर होममध्येही मिळत राहतो, त्यामुळे अर्ज अजून केला नसेल तर या आठवड्यातच करा. पेन्शन धरून आठवड्याला सुमारे 450 पौंड येतील आणि 800 पौंड कमी पडतील, म्हणजे वर्षाला साधारण 41,600. आजच्या दराने बचत दीड वर्ष पुरेल, फ्लॅटचे पैसे कर भरून आणखी दीड-पावणेदोन वर्षे आणि घर साडेसात वर्षे. केअर होमचे दर दरवर्षी वाढतात आणि उरलेल्या पैशांवर व्याजही मिळते, तेव्हा दहा वर्षांच्या आसपासचा अंदाज धरायला हरकत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने खरा प्रश्न क्रमाचा आहे, आणि तो भावनेने न ठरवता सहीच्या अधिकाराने ठरवावा. लेस्टरच्या घरासाठी तुमच्याकडे नोंदणीकृत लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी (त्यांच्या वतीने सही करण्याचे इंग्लंडमधील मुखत्यारपत्र) आहे, ती आईंची निर्णयक्षमता गेल्यानंतरही चालते. पुण्यात तिच्या आधारावर फ्लॅट विकता येणार नाही. भारतात करून घेतलेले कुलमुखत्यारपत्रही क्षमता गेल्यावर उपयोगी पडणार नाही, कारण भारतीय करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. निदान झाले म्हणजे क्षमता गेली असे इंग्लंडचा कायदा मानत नाही, तेव्हा डॉक्टरांकडून क्षमतेचे पत्र घेऊन त्याच सुमारास आईंच्या इच्छेने विक्रीचे विशेष मुखत्यारपत्र भारतीय उच्चायुक्तालयासमोर करून घ्या, भारतात पोचल्यावर त्याचे मुद्रांक शुल्क वेळेत भरा, आणि व्यवहार काही महिन्यांत पूर्ण करण्याच्या तयारीने उतरा. फ्लॅट तसाच ठेवल्यास आणखी एक नुकसान आहे. कौन्सिल परदेशातील मालमत्ताही मोजते, आणि घर सोडून बाकीची मालमत्ता 23,250 पौंडांच्या वर असेपर्यंत 12 आठवडे घर न मोजण्याची सवलत मिळत नाही, तसेच घरावर बोजा चढवून खर्च पुढे ढकलण्याचा करारही सहसा होत नाही.

करांबाबत थोडक्यात. भारतात दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के व त्यावर अधिभार लागतो, पण अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराची करकपात एरवी संपूर्ण किमतीवर होते. त्यामुळे कमी कपातीचा दाखला सौद्यापूर्वीच मिळवा. हाच नफा इंग्लंडमध्येही दाखवावा लागतो आणि भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. फ्लॅट वडिलांकडून वारशाने आला असेल, तर इंग्लंडमध्ये मूळ किंमत वडिलांच्या निधनाच्या दिवशीची धरली जाते, आणि त्याने बराच फरक पडू शकतो. रक्कम एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या भारतातील रुपया खात्यातून) सनदी लेखापालाच्या दाखल्यानिशी बाहेर नेता येते. वर्षाला 10 लाख डॉलरची मर्यादा तुम्हाला आड येणार नाही.

लेस्टरचे घर विकण्याची घाई पहिल्या सहा महिन्यांत तरी करू नका, कारण आई केअर होममध्ये रुळतात की नाही ते कळायला तेवढा अवधी लागतो. केअर होममध्ये गेलेल्या व्यक्तीने आपले राहते घर 36 महिन्यांच्या आत विकले, तर त्या काळातील वाढीवर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, म्हणून तीन वर्षे ही बाहेरची मुदत धरा. दरम्यान भाड्याने देणे मला पटते, पण तुम्ही त्याच गावात असल्यामुळेच. दुरुस्ती आणि भाडेकरूंचे कायदे लांबून सांभाळणाऱ्याला मी विकायलाच सांगितले असते.

केअर होमशी करार करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागा. कौन्सिलकडून आईंच्या गरजांचे मूल्यमापन, ज्याचा हक्क श्रीमंत-गरीब सर्वांना आहे. आणि एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, कंटिन्यूइंग हेल्थकेअर या मदतीसाठीची प्राथमिक तपासणी. केवळ डिमेन्शियावर ती मदत मंजूर होत नाही, परंतु झाली तर संपूर्ण खर्च एनएचएस करते, आणि प्रकृती खालावल्यावर पुन्हा तपासणी मागता येते. फ्लॅटचे पैसे हातात आले की वृद्धांच्या देखभालीचे काम करणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराकडून तत्काळ देखभाल वार्षिकीचा दर मागवा: एकरकमी भरणा केल्यावर विमा कंपनी केअर होमला हयातभर करमुक्त रक्कम देते. आईंची बाकी प्रकृती ठणठणीत आहे असे तुम्ही लिहिता, त्यामुळे दर महाग येईल. मिळणारी रक्कम पाच वर्षांच्या आत भरणा भरून काढत असेल तरच ती घ्यावी, असे माझे मत आहे.