आरोग्यसेवेच्या संशोधनात आरोग्य-अर्थशास्त्र कसं वापरायचं? कुठलं सॉफ्टवेअर आधी शिकू?

एमपीएचचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, प्रबंध कोल्हापूर जिल्ह्यातच करायचाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. सॉफ्टवेअरचं नंतर. आधी खर्च कुणाच्या खिशातला मोजणार ते ठरवा. यावरूनच माझं आमच्या सरांशी वाजलं होतं.

मी तेव्हा एका पाहणीत घरोघरी जाऊन खर्चाचे फॉर्म भरत होतो. त्याच वर्षी राधानगरीकडच्या माझ्या आत्तीला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग शेक, म्हणजे रेडिएशन. २५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. उपचार योजनेतून, मोफत. आत्ती आणि तिची सून, म्हणजे माझी वहिनी, आमच्याकडं राजारामपुरीत राहिल्या. सराव म्हणून मी वहिनीकडूनच आमचा फॉर्म भरून घेतला. औषधं, रिक्षा, चहापाणी झालं. सोबत्याचा व्यवसाय: गृहिणी. बुडालेली मजुरी: शून्य. वहिनी म्हणाली, "भाऊजी, म्हशीचं कुठं लिहिलासा?"

म्हशींची धार तीच काढायची. हात बदलला तशा म्हशी पान्हा चोरायला लागल्या. डेअरीला रोज ७ लिटर जायचं, ते ३ वर आलं. रोजचे ४ लिटर, ३५ दिवस, म्हणजे १४० लिटर. ४५ रुपयांनी ६,३०० रुपये. पेंड-वैरण तेवढीच लागली, त्यामुळं वजा करायला काही नाही. आमच्या फॉर्मात याला रकानाच नव्हता.

सर म्हणाले, एका घराच्या म्हशीवर धोरण ठरत नसतं, आणि नाइससुद्धा हे धरत नाही. नाइस ही ब्रिटनची संस्था, कुठल्या उपचारावर सरकारी पैसा घालावा ते सांगणारी. तिचा मूळ हिशेब एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) आणि सामाजिक सेवांच्या खिशातून होतो, हे खरंच आहे. पण तिथली रीत इथं जशीच्या तशी का आणायची? अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०१६ मध्ये दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडा असं सांगितलं, एक आरोग्यव्यवस्थेचा आणि एक समाजाचा. मी सरांना तेच म्हणत होतो. गृहिणीचा वेळ शून्य धरणं हा सरळ आळस आहे. तेच काम दुसऱ्याकडून करून घ्यायला काय पडलं असतं, ते विचारा आणि लिहा.

यानं निकाल कसा फिरतो तेही बघा. ब्रिटनमधल्या स्टार्ट-बी चाचणीत २५ ऐवजी १५ वेळा शेक देऊन आजार आटोक्यात ठेवण्यात काही कमी पडलं नाही. फास्ट-फॉरवर्डमध्ये, २०२० साली, ५ वेळांवर आले. गुण सारखाच असेल तर प्रश्न फक्त खर्चाचा उरतो. नुसता दवाखान्याचा हिशेब केला तर मशीनचा आणि तंत्रज्ञाचा वाचलेला वेळ तेवढा दिसतो. घरचा धरला तर २५ ऐवजी १५ वेळांमुळं वाचलेले सोबत्याचे दोन आठवडेही दिसतात, आणि धोरण ठरवणाऱ्याला नेमके तेच कधी दिसत नाहीत.

आता थोडं सांभाळून. कुठल्या पेशंटला किती वेळा शेक हे डॉक्टर ठरवणार, आपलं एक्सेल नाही. क्वालीमध्ये, म्हणजे आयुष्याची वर्षं आणि त्यांचा दर्जा एकत्र मोजणाऱ्या मापात, आजारपणाचा त्रास आधीच धरलेला असतो, त्यामुळं पेशंटची स्वतःची बुडालेली कमाई वर घालताना तीच गोष्ट दोनदा मोजली जात नाही ना, ते तपासा. सोबत्याबाबत ही अडचण फारशी येत नाही. आणि लोकांना दोन महिन्यांमागचा खर्च आठवत नाही, आकडे फुगतात किंवा गळतात. सरांचा हा मुद्दा बरोबर होता, तेव्हा मी मानला नाही.

सॉफ्टवेअर: एक्सेल पुरतं. साधं मार्कोव्ह मॉडेल (पेशंट काळानुसार आजाराच्या एका अवस्थेतून दुसरीत कसे जातात याचं गणित) एक्सेलमध्ये हातानं बांधून बघा, मग आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा शिका. पुढच्या वर्षांचा खर्च आणि फायदा आजच्या किमतीत आणताना ३ टक्के दर धरा, आपल्याकडच्या एचटीएइनचाही (उपचारांचा खर्च-फायदा तपासणारी केंद्र सरकारची यंत्रणा) तोच आहे. आणि फॉर्म घेऊन गावात संध्याकाळी पाच ते सात जाऊ नका, धारेची वेळ असते.